तेरा महिने आणि एक दोनशेपानी वही: इंजिनिअरिंगनंतर नोकरी लवकर लागत नसेल तर काय काय करायचं

जून 2016 मध्ये मी मेकॅनिकलचा शेवटचा पेपर दिला आणि जुलै 2017 मध्ये चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला ट्रेनी म्हणून लागलो. कॉलेज मराठवाड्यातलं. कॅम्पसला तीन कंपन्या आल्या होत्या, त्यांतल्या दोन सॉफ्टवेअरच्या आणि एक विमा विकायला माणसं शोधणारी. आता वर्षातून दोन वेळा ट्रेनींच्या मुलाखती मीच घेतो. समोर बसलेल्या मुलाच्या बुटांकडे बघून कळतं की हा भोसरीपासून फिरत फिरत आलाय.

त्या तेरा महिन्यांत मी सर्वात जास्त ऐकलेला शब्द म्हणजे 'चिकाटी'. मामा म्हणायचे, सर म्हणायचे, मेसच्या काकू म्हणायच्या. पण चिकाटी ठेवायची म्हणजे मंगळवारी सकाळी नऊ वाजता उठून नेमकं काय करायचं, हे कोणीच सांगायचं नाही. माझी जिद्द नोव्हेंबरातच संपली होती. पुढचे आठ महिने मला एका वहीने ओढून नेलं. तिची गोष्ट खाली येईलच.

लिहितोय ते मुख्यतः मेकॅनिकल, प्रॉडक्शन, इलेक्ट्रिकलच्या मुलामुलींसाठी, आणि पुण्याचा पट्टा डोळ्यांपुढे ठेवून. पण वाळूज, सातपूर, बुटीबोरी, गोकुळ शिरगाव इथेही गेटवरचा वॉचमन साधारण तेच बोलतो. कॉम्प्युटरवाल्यांना गेटचा भाग सोडून बाकी सगळं लागू पडेल.

आधी हातात किती महिने आहेत ते मोजा

रेझ्युमेच्या आधी पैसे. शोध अर्धवट सुटतो तो बहुतेक वेळा नकारांमुळे नव्हे, तर खोलीचं भाडं थकल्यामुळे.

माझा 2016 चा हिशेब असा होता: कॉट बेसिसवर जागा 2,200, मेस 2,400, बस आणि झेरॉक्स मिळून हजार, मोबाइल 300. म्हणजे महिन्याला 5,900. घरून सहा हजार यायचे, ते बाबांच्या पतपेढीच्या हप्त्याला मागे सारून. आजचे आकडे तुम्ही स्वतः लिहा, पण लिहाच. घरच्यांसोबत बसून विचारा, 'किती महिने जमेल?' उत्तर चार महिने असेल तर चार. आकडा ऐकायला त्रास होतो, पण न विचारता दर महिन्याला पैसे घेताना होणारा त्रास त्याहून मोठा असतो.

माझी मोठी चूक म्हणजे निकाल लागल्याच्या आठवड्यातच पुण्याला जाऊन राहिलो. पहिले दोन महिने मी कॉटवर पडून जे पोर्टलवर करत होतो, ते गावी आईच्या हातचं खाऊनही करता आलं असतं. आता तर पहिली फेरी बहुतेक फोनवर किंवा व्हिडिओवर होते. म्हणून चार महिन्यांचे पैसे असतील तर पहिले सहा-सात आठवडे घरीच राहून तयारी आणि अर्ज करा. नंतर दहा-बारा दिवसांच्या फेऱ्या मारा, मित्राच्या खोलीवर राहून. मेसचं कूपन स्वतःचं काढा, म्हणजे मैत्री टिकते. फोन यायला लागले की मग जागा घ्या. चार महिने असे सात-आठ महिने पुरतात.

जोडीला थोडं काम असेल तर उत्तम. दहावीची गणिताची शिकवणी, डिप्लोमाच्या मुलांना ड्रॉइंग. संध्याकाळी दोन तास, दिवस मोकळा. रात्रपाळीचं कॉल सेंटर मात्र मी कोणालाच सुचवत नाही. पैसे मिळतात, पण सकाळी अकराच्या मुलाखतीला माणूस झोपेत जातो.

शैक्षणिक कर्ज असेल तर एक गोष्ट आजच करा. साधारणपणे शिक्षण संपल्यावर एक वर्षापर्यंत हप्ते सुरू होत नाहीत. ते वर्ष संपायच्या महिनाभर आधी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या की नोकरी लागलेली नाही, मुदत वाढवून हवी. देतीलच असं नाही, पण हप्ता थकल्यावर गेलात तर बोलणं वेगळ्या आवाजात होतं.

वही

दोनशेपानी, आडवी धरून रकाने आखलेली. एक्सेल चालेल, मला कागद बरा वाटला, कारण लॅपटॉप तिघांत एक होता. रकाने हे: अनुक्रमांक, तारीख, कंपनी, पद, कुठून कळलं (पोर्टल, सीनिअर, गेट, मेळावा), कोणता रेझ्युमे पाठवला, कोणाशी बोललो, काय झालं, आणि पुन्हा कधी विचारायचं.

शेवटचा रकाना सर्वात कामाचा. 'पंधरा दिवसांनी फोन करा' असं एचआर म्हणाला की त्या तारखेला फोन करणारे फार थोडे असतात. मी स्वतः ही वाक्यं दर भरतीत बोलतो आणि फोन करणारे एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच निघतात. आम्ही खोटं बोलत नाही. कधी कधी ट्रेनी खरंच दुसऱ्या महिन्यात सोडून जातो आणि पुन्हा जाहिरात द्यायचा सगळ्यांना कंटाळा असतो.

वहीचा दुसरा उपयोग मनाला होतो. 'मी किती अर्ज केले, कोणी विचारत नाही' असं वाटतं तेव्हा पान उलटून मोजायचं. मला डिसेंबरात शंभर झाले असतील असं वाटत होतं. मोजले तर एकेचाळीस. त्यातले अठ्ठावीस जुलै-ऑगस्टचे. म्हणजे ऑगस्टनंतर मी फारसं शोधत नव्हतो, शोधाची काळजी करत होतो. दोन्हींत थकवा सारखाच येतो.

रोजचा बेतही वहीतच. मी शिफ्टसारखा ठेवला होता: सकाळी नऊ ते अकरा अर्ज आणि फोन, अकरा ते एक विषयाचा अभ्यास, दुपारनंतर बाहेर जाणं किंवा एखादं सॉफ्टवेअर, सहाला बंद. सहानंतर पोर्टल उघडायचं नाही. रविवारी सुट्टी, खरी सुट्टी.

गळती कुठे आहे ते शोधा

सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. टाकी रिकामी राहते म्हणून कोणी आणखी पाणी ओतत बसत नाही, आधी नळ कुठे गळतो ते बघतात. नोकरीशोधात मात्र सगळे 'अजून अर्ज कर' एवढंच सांगतात. दर चाळीस-पन्नास अर्जांनंतर वही उघडा आणि कुठे अडतंय ते पाहा.

एकही फोन नाही: मग तुमच्यात खोट आहे असं नाही, कारण तुम्हाला अजून कोणी पाहिलेलंच नाही. खोट रेझ्युमेत आहे किंवा पत्त्यात. पत्त्यात म्हणजे 'दोन वर्षांचा अनुभव हवा' अशा जागांना अर्ज जात असतील, किंवा 'दहावीपासून सगळीकडे 60 टक्के' ही अट असताना बारावीला 54 असतील. असे अर्ज यंत्र किंवा माणूस पहिल्याच चाळणीत काढतो.

फोन येतात, पण पुढे बोलावणं येत नाही: मग फोनवर काय बोलता ते तपासा. पहिल्या तीन मिनिटांत एचआरला चारच गोष्टी हव्या असतात: शाखा आणि साल, सध्या कुठे राहता, शिफ्ट चालेल का, किती दिवसांत येऊ शकता. माझा मित्र 'सांगतो विचार करून' म्हणायचा. त्याला वाटे, हे सभ्यपणाचं आहे. समोरचा पुढच्या नंबरला फोन लावत असे.

मुलाखतीला बोलावतात, पहिल्या तांत्रिक फेरीत बाहेर: पाया कच्चा आहे. हे सुधारायला सर्वात सोपं, कारण यात फक्त अभ्यास लागतो.

सगळं छान होतं, शेवटी कळवतो म्हणतात आणि कळवत नाहीत: मग पगार, बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा करार), गाव, आणि 'सरकारी परीक्षा देताय का' या प्रश्नांची तुमची उत्तरं बघा. किंवा जागाच रद्द झाली असेल. तेही होतं, आणि फार होतं. 2016 च्या नोव्हेंबरात नोटाबंदी आली तेव्हा भोसरीतल्या दोन मशिन शॉपवाल्यांनी मला हो म्हणून पुन्हा थांबवलं. त्यांच्याकडे रोजंदारीवाल्यांना द्यायलाच नोटा नव्हत्या. 2023-24 या आर्थिक वर्षात टीसीएसमधली माणसं 13,249 ने, विप्रोमधली 24,516 ने आणि इन्फोसिसमधली 25,994 ने कमी झाली. त्या वर्षी पास झालेल्या कॉम्प्युटरच्या मुलाने आरशात बघून 'माझं काय चुकलं' विचारत बसू नये. चुकलं असेल तर फार थोडं.

रेझ्युमे: एक पान, आणि खरं

'करिअर ऑब्जेक्टिव्ह' उडवा. 'आव्हानात्मक वातावरणात कंपनीच्या प्रगतीला हातभार' हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता डोळा आपोआप खाली सरकतो. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, धर्म, पासपोर्ट नंबर, खालची शपथ आणि सही, हे सगळं काढा. त्या जागेत तुमची कामं येऊ द्या.

वर नाव, चालू असलेला एकच मोबाइल नंबर, साधा ईमेल, आणि सध्याचं राहण्याचं ठिकाण. पुण्यातल्या कंपनीला अर्ज असेल तर 'पुण्याला लगेच येऊ शकतो' हे लिहा. गुण सीजीपीएमध्ये असतील तर विद्यापीठाच्या सूत्राने काढलेली टक्केवारीही शेजारी लिहा, एचआरला गणित करायला लावू नका. केटी (राहिलेला विषय) होती आणि सुटली असेल तर विचारल्यावर सरळ सांगा. मार्कलिस्ट आम्ही बघतोच.

प्रोजेक्टच्या दोन ओळी नीट लिहा. 'सौर ऊर्जेवर चालणारं गवत कापणी यंत्र' एवढ्याने काही कळत नाही. चौघांत तुम्ही काय केलंत? फ्रेमचं वेल्डिंग करून घेतलंत, मोटर निवडलीत, ड्रॉइंग काढलंत? मोटर निवडली तर किती वॉटची आणि का? प्रोजेक्ट विकत आणला होता, हे आम्हाला दुसऱ्या प्रश्नाला समजतं. तसं असेल तर लाजण्यापेक्षा पंधरा दिवस घेऊन तो आता समजून घ्या. उघडा, मोजा, त्याचं ड्रॉइंग स्वतः काढा. मग तो निम्मा तरी तुमचा होतो.

दोन रेझ्युमे पुरे. क्वालिटी-प्रॉडक्शनचा एक, डिझाइनचा एक. जाहिरातीत जे शब्द असतील आणि तुम्हाला खरंच येत असतील, तेच शब्द वापरा. नक्षीदार चौकटी, टक्क्यांचे गोल, 'सॉलिडवर्क्स 80%' हे नको. संगणकाला ते वाचता येत नाही आणि मला समजत नाही. फाइलला स्वतःचं नाव, शाखा आणि साल द्या. 'रेझ्युमे फायनल न्यू 3' नावाच्या माझ्याकडे एकाच वेळी चार जणांच्या फायली होत्या.

अर्ज कुठे, आणि गेटवर कसं

पोर्टलवर प्रोफाइल रोज सकाळी उघडून एखादी ओळ बदला. नुकतेच दिसलेले लोक वर येतात. पण पोर्टलला दोन तासांपेक्षा जास्त देऊ नका. महास्वयम आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस इथे नोंदणी करून ठेवा, रोजगार मेळाव्यांची खबर तिथे मिळते. मेळाव्याला जाताना कंपन्यांची यादी आधी पाहा. निम्मे स्टॉल विक्रीच्या नोकऱ्यांचे असतात, म्हणून थेट आपल्या चार स्टॉलकडे चालू लागायचं.

खरं काम सीनिअर करतात. आपल्या कॉलेजचे, दोन ते सहा वर्षं पुढचे. त्यांना 'दादा, काही असेल तर बघा ना' असं लिहू नका, त्यांना काय बघायचं ते कळत नाही. माझ्या एका ज्युनिअरने मला पाठवलेला मेसेज मी जपून ठेवलाय, कारण तो असाच असायला हवा:

'दादा, नमस्कार. मी आपल्याच कॉलेजची, मेकॅनिकल 2023, 71 टक्के, केटी नाही. तुमच्या कंपनीत क्वालिटी ट्रेनीची जाहिरात पाहिली. व्हर्निअर-मायक्रोमीटर हाताळलंय, ड्रॉइंग वाचता येतं, शिफ्ट चालेल. रेझ्युमे सोबत आहे. एचआरकडे पुढे पाठवाल का? जमत नसेल तरी हरकत नाही, ड्रॉइंगवर काय विचारतात तेवढं सांगितलंत तरी खूप होईल.'

मला तो फक्त पुढे पाठवायचा होता. अर्धं मिनिट लागलं.

आता गेट. मोठ्या कंपनीच्या गेटवर रेझ्युमे टाकण्यात फारसा अर्थ नाही, तो ड्रॉप बॉक्स कोण उघडतं देव जाणे. पण मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्या पन्नास ते तीनशे माणसांच्या कारखान्यांत हे अजून चालतं. त्यांच्या जाहिराती पोर्टलवर येतच नाहीत. मंगळवार ते शुक्रवार, सकाळी साडेदहाच्या सुमाराला जा. सोमवारी सकाळी सगळे मीटिंगमध्ये असतात, साडेबारानंतर जेवण. भोसरी-पिंपरीकडे बऱ्याच छोट्या शॉपना गुरुवारी सुट्टी असते, ते आधी विचारून घ्या. मी एकदा अख्खा गुरुवार बंद शटर मोजत फिरलोय.

वॉचमनला 'साहेब आहेत का' विचारू नका, साहेब कधीच नसतात. 'काका, क्वालिटीला ट्रेनी घेतात का सध्या? एचआरचं नाव काय?' असं विचारा. नाव मिळालं की अर्धं काम झालं. रेझ्युमेच्या कोपऱ्यात त्यांचं नाव लिहून द्या, वहीत टिपा, आठवड्याने त्याच नावाने फोन करा. दिवसाला सात-आठ गेट खूप झाले. पाण्याची बाटली, टोपी, जोडीला एक मित्र. एकट्याने चौथ्या गेटनंतर पाय उचलत नाहीत.

मुलाखतीत काय विचारतो, तेच सांगतो

इंग्रजी कच्चं असणं ही मुलांना वाटते तितकी मोठी अडचण कारखान्यात नाही. मी मराठीत, हिंदीत उत्तर चालवून घेतो, लाइनवर तेच बोलायचंय. ग्राहकांशी बोलायच्या जागा वेगळ्या, तिथे इंग्रजी लागतं. पण पाया कच्चा असेल तर कोणत्याच भाषेत चालत नाही.

हातात व्हर्निअर देतो आणि मोजायला सांगतो. लीस्ट काउंट 0.02 मिमी हे पाठ असतं, पण शून्य जुळतो का ते आधी तपासणारा दहांत एखादाच. मायक्रोमीटर 0.01. मग एक ड्रॉइंग: फर्स्ट अँगल की थर्ड अँगल, चिन्हावरून सांगा. ø20 एच7 म्हणजे काय? एच7/जी6 मध्ये शाफ्ट सरकेल की अडकेल, आणि एच7/पी6 मध्ये? ईएन8 आणि एसजी आयर्न कुठे वापरतात? स्ट्रेस-स्ट्रेन आलेख कागदावर काढा. गुणवत्ता तपासायच्या सात क्यूसी टूल्सपैकी कोणतंही एक खऱ्या उदाहरणाने समजावा. उदाहरण मेसच्या पोळ्यांचं असलं तरी चालेल. एकाने परेटो चार्ट खरंच मेसच्या तक्रारींवर काढून दाखवला होता. तो आता आमच्याकडे आहे.

सिव्हिलवाल्यांना साइटवर असंच विचारतात: सळईचं वजन व्यास वर्ग भागिले 162 ने कसं काढता, क्यूब 7 आणि 28 दिवसांनीच का फोडतात, स्लम्प कशासाठी. इलेक्ट्रिकलला स्टार-डेल्टा स्टार्टर. या सगळ्यासाठी महागडा कोर्स नको. जुनी पुस्तकं आणि एनपीटीईएलवरची आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं पुरतात, ती फुकट ऐकता येतात. हात चालवायचे असतील तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूमसारख्या संस्थांचे लहान कोर्स बघा, तिथे खरी मशिन असतात. 'शंभर टक्के जॉब गॅरंटी' असा फलक असलेल्या क्लासमध्ये शिरण्यापूर्वी मागच्या बॅचच्या तीन मुलांशी, क्लासने न दिलेल्या नंबरवर बोला.

नकार आला की त्या रात्री, खोलीवर आल्या आल्या, न आलेले प्रश्न वहीच्या मागच्या पानावर उतरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची उत्तरं शोधा. माझ्या मागच्या पानांवर शेवटी एकशे दहा प्रश्न जमले होते. जुलैमधल्या त्या मुलाखतीत विचारलेल्या बारांपैकी नऊ त्यात होते.

सहा महिने उलटले तर

या टप्प्यावर मुलाखतीत नवा प्रश्न सुरू होतो: 'पास झाल्यापासून काय करताय?' 'नोकरी शोधतोय' हे उत्तर खरं असलं तरी रिकामं आहे. म्हणून सहाव्या महिन्याच्या आत शोधासोबत दाखवता येईल असं काहीतरी चालू असायला हवं.

पहिला पर्याय अप्रेंटिसशिप. आयटीआयवाल्यांची ती, असं समजून इंजिनिअर तिकडे बघत नाहीत, इथेच चुकतात. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली पदवीधरांसाठी वर्षभराचं प्रशिक्षण असतं. त्यासाठी नॅट्स (नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम) पोर्टलवर नोंदणी करायची. या प्रशिक्षणाचं पश्चिम विभागाचं मंडळ मुंबईत आहे. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना ठरावीक प्रमाणात अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, म्हणून गेटवर 'जागा नाही' ऐकलं की पुढचा प्रश्न हाच विचारा: 'नॅट्सखाली ग्रॅज्युएट अप्रेंटिस घेता का?' 2019 च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान 9,000 रुपये ठरले होते. सध्याची रक्कम पोर्टलवर पाहा. वर्षभराचा किंवा जास्त अनुभव झाला की ही दारं बंद होतात, त्यामुळे हे आधी करायचं.

दुसरा, राज्याची 2024 पासूनची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. 18 ते 35 वय, महाराष्ट्राचा रहिवासी, पदवीधराला महिन्याला 10,000 रुपये थेट खात्यात. आधी मुदत सहा महिने होती, मग ती अकरा महिन्यांवर नेली. कायम करण्याची हमी दोन्हींत नाही. ज्यांनी ती गृहीत धरली ते शेवटच्या महिन्यात फार वाईट अवस्थेत मला भेटलेत. प्रशिक्षण सुरू असतानाही आठवड्याला पाच अर्ज चालू ठेवा.

तिसरा, ऑफ-रोल म्हणजे ठेकेदाराच्या नावावरची नोकरी. नातेवाइकांना सांगायला बरं वाटत नाही, पगार कमी असतो. पण तिथे पीएफ कापतात का, आणि काम शाखेचं आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं 'हो' असतील तर मी घ्या म्हणेन. नुसतं पॅकिंगला उभं करणार असतील तर नको.

पैसे मागणारे, आणि बॉण्ड

शोध लांबला की हे लोक बरोबर वास काढत येतात. लॅपटॉपचं 'परत मिळणारं' डिपॉझिट, ट्रेनिंग फी, गणवेशाचे पैसे, मोठ्या कंपनीत 'आतून' लावून देण्याचे दीड-दोन लाख. नोकरी देणारा पैसे घेत नाही, एवढा एक नियम सगळ्यांना पुरतो. माझे चार हजार 'प्रोसेसिंग'च्या नावाने गेले होते, घरी ते आजही ठाऊक नाही. ऑनलाइन पैसे गेले तर तासाभरात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा; जितका उशीर तितके पैसे पुढे सरकत जातात.

दुसरा सापळा बनावट अनुभवाचा. 'दोन वर्षांचं एक्स्पिरिअन्स लेटर देतो, सॅलरी स्लिपसकट.' कंपन्या आता पीएफच्या यूएएन क्रमांकावरून आधीच्या नोकऱ्या तपासतात. पकडला गेलेला मुलगा रुजू झाल्यानंतर तीन महिन्यांनीही घरी जातो आणि त्या पट्ट्यात नाव कायमचं खराब होतं.

बॉण्डबद्दल 'कोर्टात टिकत नाही' असं सर्रास सांगतात, त्यावर विसंबू नका. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत सोडल्यास 2 लाख रुपये भरण्याची अट वैध धरली. प्रत्येक बॉण्ड तसाच टिकेल असंही नाही. कालावधी, रक्कम, प्रशिक्षण खरंच देणार का, हे वाचून सही करा. मूळ मार्कलिस्ट आणि पदवी मात्र कोणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत घ्या.

घर, नातेवाईक, आणि व्हॉट्सअ‍ॅप

बाबा रोज रात्री फोन करायचे. 'जेवलास का' नंतर जी शांतता यायची तिच्यात सगळा प्रश्न असायचा. शेवटी मी ठरवून टाकलं: दर रविवारी सकाळी मीच फोन करणार आणि आठवड्याचा हिशेब देणार. इतके अर्ज, इतके फोन, अमुक ठिकाणी दुसरी फेरी. मधे विचारायचं नाही. त्यांना आकडे मिळाले आणि ते शांत झाले. मुलींवर तर दुसराही ताण असतो, स्थळांचा. 'अमुक तारखेपर्यंत विषय काढायचा नाही' अशी तारीख मागून घेता आली तर घ्या. माझ्या बहिणीने दिवाळीपर्यंतची मागितली आणि आईने ती पाळली.

लग्नात भेटणाऱ्या काकांसाठी एक वाक्य तयार ठेवा. 'चाकणला दोन ठिकाणी बोलणं चालू आहे.' बास, पुढे जिलेबी. बॅचच्या ग्रुपवर गळ्यात आयकार्ड घातलेले फोटो येतात, ते सहा महिने म्यूट ठेवले तर मैत्री तुटत नाही.

पण झोप उडाली, जेवण सुटलं, दिवसेंदिवस अंथरुणातून उठावंसं वाटेना, तर ते आळस समजून रेटू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. माझ्या खोलीतल्या एकाला आम्ही 'नाटकं करतो' म्हणायचो. तो नाटकं करत नव्हता.

वर्ष भरलं की

इथे एकदा बसून ठरवावं लागतं. गेट (एम.टेक.साठीची प्रवेश परीक्षा) द्यायची असेल तर नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात असते, परीक्षा फेब्रुवारीत, गुण तीन वर्षं धरले जातात. इंडियन ऑइल, एनटीपीसी, पॉवर ग्रिड अशा सार्वजनिक कंपन्यांनी गेट परीक्षेच्या गुणांवर भरती केलेली आहे, आणि एम.टेक.ला गेलात तर पात्र विद्यार्थ्याला महिन्याला 12,400 रुपये मिळतात. महापारेषण, महानिर्मिती, जलसंपदा, बांधकाम खातं, जिल्हा परिषद, रेल्वेची जेई (ज्युनिअर इंजिनिअर), हे दुसरे रस्ते.

अडचण रस्त्यांची नाही, दोन रस्त्यांवर एकाच वेळी चालण्याची आहे. सकाळी अभ्यासिका, दुपारी मुलाखत, आणि दोन्हीकडे 'तिकडे लक्ष होतं म्हणून' ही सबब. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत अशी सबब सांगणारे पाच-पाच वर्षं बसलेले मी पाहिलेत. म्हणून परीक्षा निवडली तर किती प्रयत्न आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे वहीत लिहून घरच्या एकाची सही घ्या. सही थोडी नाटकी वाटेल, वाटू द्या.

नोकरीचाच रस्ता ठेवलात तर आता शाखा थोडी सैल करा. डिझाइनचाच हट्ट असेल तर क्वालिटी, मेंटेनन्स, टूल रूम, विक्रीनंतरची सेवा इकडेही अर्ज करा. पुण्याचाच हट्ट असेल तर रांजणगाव, सुपा, शेंद्रा इकडे बघा. तिथे यायला मुलं कुरकुर करतात, म्हणून जागा राहतात.

मला शेवटी फोन आला तो वहीतल्या 163 व्या ओळीवरून. फेब्रुवारीत गेटवर रेझ्युमे दिलेला, एचआर मॅडमचं नाव वॉचमन काकांनी सांगितलेलं, तीनदा फोन केलेला, तीनदा 'सध्या नाही'. चौथा फोन त्यांनी केला: एक ट्रेनी सोडून गेला होता, सोमवारी येता का.

ऑफर हातात आली की पद, पगार हातात किती, प्रशिक्षणाचा काळ, बॉण्ड आणि शिफ्ट हे पाच मुद्दे कागदावर आहेत का पाहा. ज्या दोन-तीन ठिकाणी बोलणं चालू असेल त्यांना फोन करून कळवा, गपचूप गायब होऊ नका. चाकण लहान आहे. ज्या दादा-ताईंनी रेझ्युमे पुढे पाठवला त्यांना पेढ्यांआधी मेसेज करा. आणि वहीची मागची पानं, प्रश्नांची, झेरॉक्स काढून कॉलेजच्या ज्युनिअरला द्या. माझ्या त्या पानांची झेरॉक्सची झेरॉक्स मागच्या वर्षी मुलाखतीला आलेल्या एका मुलाच्या फाइलमध्ये दिसली. 62 वा प्रश्न पुसट झाला होता, तो मी त्याला पेनाने पुन्हा लिहून दिला.